दहावीचा वर्ग पुन्हा भरतो तेव्हा

दहावीच्या बॅचचा मेळावा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवावा. वर्गातल्या मुली तेव्हा माहेरी आलेल्या असतात. मे महिन्यात ठेवला की त्यांना सासरहून मुद्दाम निघावं लागतं आणि बऱ्याच जणींचं राहून जातं. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे वर्ग रिकामे मिळतात. मंगल कार्यालय कितीही ऐसपैस असो, मेळावा शाळेतच व्हावा याबद्दल आमचं मत पक्कं आहे. करकटकाने नाव कोरलेला बाक कार्यालयात कुठून येणार?

तयारी गणपतीआधी सुरू करायची. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन जनरल रजिस्टरवरून यादी उतरवून घ्यायची. नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबलं की आधीच संपर्कात असलेलेच गोळा होतात. मागच्या बाकावरचे, नापास होऊन गाव सोडलेले सुटतात. मुलींची नावं रजिस्टरमध्ये माहेरची असतात, त्यामुळे फेसबुकवर हाती फारसं लागत नाही. त्यांचा पत्ता भावाकडून, नाहीतर माहेरच्या शेजाऱ्यांकडून मिळतो. प्रत्येक तुकडीतून एक मुलगा, एक मुलगी अशी समिती करावी, म्हणजे मुलींना फोन मुलीच करतात आणि घरच्यांनाही भरवसा वाटतो.

वर्गणी सगळ्यांना सारखी. ज्याला झेपणार नाही त्याची खजिनदाराने गाजावाजा न करता भागवावी. देणगीचे आकडे ग्रुपवर झळकले की हातावर पोट असलेले दोन-चार जण काहीतरी निमित्त सांगून गळतात, आणि वर्गाला पोट धरून हसवणारे बहुधा तेच असतात.

ऐंशी जणांच्या नाश्त्याला आठ किलो पोहे पुरतात, पण ते दोन खेपांत करावेत. नऊला केलेले पोहे साडेदहाच्या एसटीने आलेल्याला गार आणि कोरडे मिळतात. बिल्ल्यावर नाव ठळक, मोठ्या अक्षरांत. मुलींचं माहेरचं आडनाव आणि तुकडीही. वाचण्यासाठी जवळ वाकावं लागलं की दोघंही अवघडतात.

मग घंटा, प्रार्थना आणि हजेरी. मेळाव्याचा सगळा जीव या हजेरीत आहे. वर्गशिक्षक जुन्या क्रमाने नावं घेतात. 'हजर सर' म्हणायला मोठा अधिकारी आणि भाजीचा गाडा लावणारा सारख्याच घाईने उठतात. सर एखाद्या नावाशी थांबतात, चष्म्यावरून बघतात, 'अक्षर सुधारलं का रे?' म्हणतात, आणि सगळा वर्ग खिदळतो. मात्र हयात नसलेल्यांची यादी सरांना आधीच द्यावी. तसं नाव चुकून पुकारलं गेलं तर कुणाला काय बोलावं ते सुचत नाही. त्यांना श्रद्धांजली हजेरीच्या आधी वाहावी.

व्यासपीठावरून ओळखी करून देऊ नयेत. ऐंशी जणांना दोन-दोन मिनिटं दिली तरी दोन तास चाळीस मिनिटं जातात, आणि माईक हातात आल्यावर दोन मिनिटांत थांबणारा विरळाच. ओळखी तुकडीवार, आपापल्या वर्गात, बाकावर बसूनच व्हाव्यात. तिथे कुणी भाषण करत नाही. 'तू इथे बसायचीस, मी तुझ्या मागे' एवढ्यावरून गप्पा सुरू होतात आणि त्यांना आवरावं लागतं.

गुरुजनांचा सत्कार पहिल्या तासातच उरकावा. सर-बाई आता पंच्याहत्तरीपुढच्या असतात. मऊ सोफ्यातून त्यांना उठता येत नाही, हातांची खुर्ची द्यावी. घरून आणायला-पोचवायला एकेक विद्यार्थी नेमावा. घंटा देणाऱ्या शिपाईमामांना विसरू नये. शाल त्यांनाही, त्याच रांगेत. सामूहिक फोटो जेवणाआधीच काढावा. जिलेबी-मठ्ठ्यानंतर लांबचे लोक गाडीच्या ओढीने निघतात.

शाळेला भेट काय हवी ते मुख्याध्यापकांना विचारावं. पाण्याचा फिल्टर दिला तर त्याच्या देखभालीचे दोन वर्षांचे पैसेही द्यावेत; कॅन्डल बदलली नाही की वर्षभरात फिल्टर बंद पडतो आणि पोरं पुन्हा नळाला तोंड लावतात.