चूक बंद करताना झाली होती

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात मी ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो, तिथे जानेवारीतल्या एका सोमवारी ट्रकवर लादून माझदा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार आली. स्टार्टर मारला की इंजिन नुसते भरभर फिरे, कॉम्प्रेशनचे, म्हणजे आतली हवा दाबली जाण्याचे, ठोके ऐकूच येत नसत, आणि सायलेन्सरपाशी पेट्रोलचा उग्र वास होता. इंजिन खोलावे लागेल, असे मालकांना कुणीतरी आधीच सांगून घाबरवले होते. मी त्यांना एवढेच विचारले, की गाडी शेवटची बंद कशी केली होती. मुलीची सायकल काढायची म्हणून शनिवारी त्यांनी गाडी गॅरेजातून दहा-बारा फूट मागे घेतली होती आणि लगेच किल्ली फिरवली होती.

या गाडीच्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर असतो, आणि त्याच्या टोकांवरच्या एपेक्स सील (फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्या) व तेलाचा पातळ थर यांच्या जोरावर कॉम्प्रेशन टिकते. इंजिन थंड असताना त्याला मुद्दाम जास्त पेट्रोल दिले जाते. ते नीट जळू लागण्याआधीच इंजिन थांबवले, तर उरलेले पेट्रोल आतल्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते, प्लग भिजवते, आणि नंतर जसजसा स्टार्टर मारत राहावे तसतशी त्यात भरच पडते. या गृहस्थांनी रविवारभर तेच करून बॅटरीही उतरवली होती. सिग्नलला इंजिन बंद करण्याची पुण्यात लागलेली माझी सवयही अशा गाडीच्या बाबतीत, निदान थंड इंजिनापुरती, मला सोडावी लागली.

पुढचे डावे चाक उतरवून चारही प्लग काढले, इंधनपुरवठा तोडून इंजिन फिरवले, तेव्हा प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे तुषार उडाले. आत थोडे तेल सोडून पुन्हा फिरवल्यावर प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे ठोके सारखे ऐकू आले, तेव्हा मला हायसे वाटले. कोरडे प्लग व चार्ज केलेली बॅटरी बसवून, इंधन जोडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. असे केल्याने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद राहतात. हळूहळू पाय सोडत गेलो आणि तिसऱ्या खेपेस इंजिन सुरू झाले.

बंद करण्यापूर्वी इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर काही सेकंद ठेवून मग किल्ली फिरवावी, असे अनेक जुने मालक सांगतात. फिरत्या रोटरबरोबर उरलेले इंधन बाहेर फेकले जाते, हा त्यामागचा तर्क मला पटतो. पण इंजिन आधी नीट तापवणे याला माझ्या मते पर्याय नाही.

पांढऱ्या धुराने सारे आवार भरले. मालक आनंदाने आत वाकले आणि सवयीने त्यांचा हात किल्लीकडे गेला. मी तो वरच्यावर धरला आणि तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत आम्ही दोघे त्या धुरातच उभे राहिलो.