तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटावरचं फुगाकु

घरी येणारा प्रत्येक जण कपाटावरच्या सहा इंजिनांच्या विमानाकडे बघतो, पंखावरचा लाल गोळा ओळखतो आणि विचारतो, "तुझे आजोबा जपान्यांशी लढले ना? मग त्यांचंच बॉम्बर कशाला?" आबांच्या दहाव्यालाही एकाने विचारलं. परवा तुम्हीही विचारलंत.

पहिली गोष्ट, हे बॉम्बर कुणाच्याही डोक्यावर गेलेलं नाही. फुगाकु म्हणजे फुजी पर्वताचंच जुनं नाव. विमानांचे कारखानदार चिकुहेई नाकाजिमा यांनी 1942 मध्ये हे डोक्यात घेतलं: पॅसिफिक ओलांडायचा, अमेरिकेवर बॉम्ब टाकायचे आणि माघारी न फिरता जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरायचं. एकेक इंजिन 5000 अश्वशक्तीचं हवं होतं. त्यासाठी 18 सिलिंडरांची दोन इंजिनं एकामागे एक जोडायची. मागच्या सिलिंडरांना गार हवा मिळणार कशी, ते काही सुटलं नाही. जुलै 1944 मध्ये पॅसिफिकमधलं सायपान बेट जपानच्या हातून गेलं आणि हा खटाटोपही बारगळला. एकही विमान तयार झालं नाही. यात भक्ती करण्यासारखं काय आहे?

बरं, होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या भित्तिपत्रकात मी "फुगाकु वेळेत झालं असतं तर" असा लेख लिहिला होता, न्यूयॉर्कपर्यंत लाल पेन्सिलीची रेघ ओढून. त्या रेघेच्या टोकाला माणसं राहतात हे त्या पोराला सुचलं नव्हतं, की सुचून सोडून दिलं होतं, आता सांगता येत नाही.

त्याच सुट्टीत बाल्साच्या हलक्या लाकडाचं हे मॉडेल घेऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो. पंख 63 मीटरचे. 72 पट लहान करूनही जवळजवळ 88 सेंटीमीटर. एसटीत मांडीवर आडवं धरून नेलं. आबा ओट्यावर तंबाखू मळत होते. मार्च 1944 मध्ये ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून मणिपूरच्या संगशकला होते. टेकडीवर पाणी नव्हतं, आणि विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या बाजूला पडायची. एवढंच ते सांगत. मी मात्र त्यांना इंजिनं मोजून दाखवत बसलो. पल्ला सांगितला, वजन सांगितलं. त्यांनी तंबाखू खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि बोट लाल गोळ्यावर ठेवलं. बराच वेळ.

"ह्ये उडलं न्हाई न्हवं?"

"नाही आबा. कागदावरच राहिलं."

"मग ऱ्हाऊ दे."

पुढे एक अक्षर नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. आई म्हणाली, पित्त झालंय.

त्याच मार्चात जपानने आपल्या फौजेला जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री देऊन इंफाळकडे धाडलं होतं, हे मी नंतर वाचलं. इकडे शिपायांना भात नाही आणि तिकडे टोकियोत अमेरिकेपर्यंत जाणाऱ्या विमानाची आखणी. आता फुगाकुकडे बघताना मला हे दिसतं. पण खोटं कशाला बोलू, पंखांची ती लांबच लांब रेघ आजही सुंदर वाटते, आणि वाटू नये म्हणून काय करायचं ते मला ठाऊक नाही.

आबांचं "ऱ्हाऊ दे" म्हणजे परवानगी होती की "पुरे कर", हे मी विचारलं नाही. ते गेले त्या वर्षी पॉलिश पेपरने गोळा खरवडून काढला होता. दिवाळीत परत रंगवला.