112 झाडांची पाहणी

मार्चअखेर आमच्या बँकेत वसुलीशिवाय दुसरा विषय नसतो. त्या धांदलीतच बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातल्या एका काजूबागेची पाहणी माझ्याकडे आली. अर्जात मोजून दोन ओळी : काजूची झाडं 112, जुनी काढून कलमं लावण्यासाठी कर्ज. अशी पाहणी म्हणजे बांधावर उभं राहायचं, मोबाईलवर चार फोटो काढायचे आणि जेवणाच्या आत शाखा गाठायची. तीन वर्षं मी तेच करत आलो होतो.

बागेची मालकीण साठीच्या पुढची. नवरा गेल्यापासून बाग तीच बघते. जमिनीचा उतारा कन्नडात, तिला तो वाचता येत नव्हता. मी वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कागुद झाला. आता चला साहेब, झाडं दावतो."

तांबड्या मातीच्या उतारावरची बाग. झाडांखालची जमीन अंगणासारखी झाडून काढलेली. मला वाटलं, साहेब येणार म्हणून केलं असेल. तसं नव्हतं. चांगली बी हवी तर ती झाडावरून तोडायची नाही. बोंड पिकलं की बीसकट आपोआप खाली पडतं, ते रोज सकाळी वेचायचं, बी पिळून वेगळी करायची आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची. पाचोळा असला तर बी त्यात हरवते. शिवाय वणवा पाचोळ्यावरूनच पळत येतो, म्हणून हद्दीभोवती तिने गवत काढून पट्टा मोकळा ठेवला होता. चोर्ला घाटाकडचे डोंगर उन्हाळ्यात कसे पेटतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

एका फांदीवर मोठी हिरवी बी होती आणि तिच्या वर बोंड जेमतेम बोटाच्या पेराएवढं. मी थांबलो. माझी समजूत अशी, की आधी फळ येतं आणि मग त्याला खालून बी फुटते. "पयला बी मोठी हुतीया. बोंड मागनं फुगतंय," ती म्हणाली. शाळेत कधीतरी शिकलेलं तेव्हा आठवलं : काजूचं खरं फळ म्हणजे ती बी, आणि बोंड म्हणजे फुगलेला देठ. गोव्याच्या वाटेवर जन्म गेला, पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणलं हेही ठाऊक, पण फांदीकडे असं कधी बघितलं नव्हतं. बी तोडून मी तिच्यात नख रुतवलं, तोच तिने माझा हात झटकला. "त्याल लागंल! माती चोळा आदी." टरफलातलं ते तेल कातडी भाजतं. काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात, ते याच्यासाठी.

मग तिने दोन ओंजळी माझ्यापुढे धरल्या. एकीत गावठी बिया, दुसरीत बांधाच्या कडेला लावलेल्या वेंगुर्ला-7 या कलमी जातीच्या. गावठीच्या किलोला दोनशेच्या वर बिया लागतात, वेंगुर्ला-7 च्या शंभरभर. वेचणारीचं वाकणं निम्म्याने कमी. तिला कलमं का हवीत, ते मला इथे समजलं. हे अर्जात कुठेच नव्हतं.

खरी गोष्ट वरच्या टप्प्यावर होती. काही बुंध्यांवर चुन्याची रेघ ओढलेली. झाडं लांबून हिरवी, एक-दोन तर मोहरलेलीही. तिने कोयत्याच्या टोकाने बुंध्याजवळची माती सरकवली. आत लाकडाचा भुसा आणि सुकलेला डिंक. खोडकिडा. अळी सालीखालून पोखरत जाते, पानं पिवळी पडतात, पुढे झाड उभ्याउभ्या वाळतं. सुरुवातीलाच सापडली तर तारेने ओढून काढता येते. ही झाडं त्याच्या पुढे गेली होती. असं एकेक झाड दाखवत तिने मला सगळा टप्पा फिरवला. रेघा तेवीस भरल्या.

"ही तेवीस अर्जातनं काढा."

अर्ज गावातल्या कुणीतरी भरून दिलेला. त्याने उभी दिसतील तेवढी झाडं मांडली होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, "मावशी, झाडं कमी दाखवली तर कर्जही कमी मंजूर होईल."

"हुंदे. हप्ता झाडं भरणार हाईत. वाळकं झाड काय भरंल?"

पुढे तिने विचारलं, कलम तिसऱ्या वर्षी धरतं, मग पहिला हप्ता पुढच्याच मार्चला कसा? मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतंच. असे किती हप्ते मी लिहून दिले होते, ते मोजत गाडीपर्यंत आलो. पाहणीला चार तास लागले होते.

दुसऱ्या दिवशी अहवालात उत्पादक झाडांच्या रकान्यात 89 लिहिलं आणि पहिला हप्ता तीन वर्षांनंतर ठेवावा, अशी शिफारस केली. संध्याकाळी वरच्या ऑफिसातून फोन आला. अर्जात 112 आहेत, मग 89 कुठून आले?

"मोजून आलोय, साहेब," मी म्हणालो. रिसीव्हर धरलेल्या अंगठ्याचं कातडं तोवर काळं पडलं होतं.