एचडी ६०० की एचडी ६५०?

सेनहायझरचे हे दोन हेडफोन दिसायला भावंडंच. दोन्ही ओपन-बॅक (म्हणजे कपांची मागची बाजू उघडी), दोन्हींचा विद्युत अवरोध (इम्पीडन्स) ३०० ओहम. फरक आहे, पण तो ऐकू येण्याआधी दोन गोष्टी फसवतात.

पहिली, आवाजाची पातळी. एकाच व्हॉल्यूमवर ६५० किंचित मोठा वाजतो आणि मोठा तो कानाला चांगलाच वाटतो. पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात तो एकसारखा खरखराट) लावून दोघांची पातळी जुळवा, मगच गाणं लावा.

दुसरी, इअरपॅड. फोम दबला की ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) कानाजवळ येतो आणि स्वर बदलतो. जुना ६०० आणि नवाकोरा ६५० ही तुलनाच नव्हे. पॅड दोघांना सारखेच बसतात. ओढून काढा, एकच जोडी आलटून पालटून लावा.

आता उरतो खरा फरक. ६५० मध्ये १०० ते २०० हर्ट्झचा भाग थोडा भरीव, वरची पट्टी जरा मऊ. ६०० मध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास जास्त उजेड, म्हणून गायकाचे शब्द पुढे येतात. गायनासाठी माझं मत ६०० लाच. खोल बास मात्र दोघांतही कमी पडतो. ओटीएल ट्यूब अॅम्पवर (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या अॅम्प्लिफायरवर) मिडबास, म्हणजे खोल बासच्या वरचा भाग, आणखी फुगतो, तिथे ६५० जड वाटू शकतो.