नॅस्कार फँटसी: सरासरी क्रमांकावर भुलू नका

नॅस्कार या अमेरिकन कार शर्यतींच्या फँटसी खेळात ठरावीक बजेटमध्ये खऱ्या ड्रायव्हरांचा संघ निवडायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. तिथे ड्रायव्हरचा 'सरासरी शेवटचा क्रमांक' (शर्यत संपताना येणारा) हा सगळ्यात फसवा आकडा. दहाव्या स्थानावर धावणारा गडी दुसऱ्याच्या अपघातात सापडून पस्तिसावा आला, की सरासरी कोसळते. वेग मात्र तोच असतो. म्हणून शर्यतभराचं सरासरी स्थान आणि ड्रायव्हर रेटिंग (एकूण कामगिरीचा गुणांक, कमाल १५०) आधी बघा. तेही २०२२ पासूनचंच. त्या वर्षी नेक्स्ट जेन ही नव्या रचनेची शर्यतीची गाडी आली आणि जुने आकडे बरेचसे निकामी झाले.

मग ट्रॅक. ड्राफ्टकिंग्ज या फँटसी ॲपवर आघाडीवर राहून पूर्ण केलेल्या प्रत्येक लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) ०.२५ गुण. ब्रिस्टल ट्रॅकच्या ५०० लॅपमध्ये ते १२५ होतात, डेटोना ५०० शर्यतीच्या २०० लॅपमध्ये जेमतेम ५०. त्यामुळे ब्रिस्टलला पुढून सुटणारे, आघाडी धरून ठेवणारे एक-दोन महागडे ड्रायव्हर हवेतच. डेटोना-टॅलाडेगा या ट्रॅकवर उलटं: तिसाव्या स्थानावरून सुटून दहावा आला तर २० गुण वरचे, आणि पोलवरचा (पहिल्या स्थानावरून सुटणारा) मोठ्या अपघातात अडकला तर जितकी स्थानं घसरला तितके वजा! तिथे मागून सुटणारेच घ्या, स्वस्तही पडतात.

सुटण्याचा क्रमांक ठरवणाऱ्या पात्रता फेरीआधी संघ पक्का करणं म्हणजे निव्वळ जुगार. सराव झाला असेल तर एका लॅपचा वेग सोडा, सलग १० लॅपची सरासरी बघा; टायर झिजल्यावर कोण टिकतो ते तिथे दिसतं.