थंडीतलं चित्र

फेब्रुवारी सरत आला की माझ्या स्टुडिओत कामाला एकदम वेग येतो. मी जलरंगात काम करते, आणि जलरंगाचं निम्मं गणित कागद किती वेळ ओला राहतो यावर चालतं. हवा कोरडी असली की वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा पातळ हात, टाकून ब्रश धुवायला वळावं, तोवर रंगानं कड धरलेली असते. पावसाळ्यात बरोब्बर उलटं. सकाळी आकाशाचा एक हात मारून ठेवला तरी दुपारी कागद हाताला गारच लागतो आणि वरून दुसरा रंग सोडला की तो मनाला येईल तसा पसरत जातो. लोकांना वाटतं, पाऊस बघून आम्हाला ढग सुचतात. सुचतही असतील. पण मी पावसात ढग काढायला घेते ते कागद त्या दिवसांत दुसऱ्या कशाला राजी नसतो म्हणून. उन्हाळ्यात पायऱ्या, खडक, भिंती, कडक सावल्या. ज्या दिवसांत जे नीट वाळेल ते काढायचं. याला प्रेरणा म्हणायचं की सोय, यावर डोकं शिणवणं मी कधीच सोडलंय.

अशाच एका कोरड्या दुपारी सत्तरीच्या घरातले एक काका जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आले. काच तडकली म्हणून ते फ्रेमवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, काच बदलून देतो, पण चित्र फार फिकं पडलंय, आधी कुणा आर्टिस्टकडून रंग चढवून आणा.

"ताई, आईनं काढलेलं आहे," काका म्हणाले. "तिचं एवढं एकच राहिलंय. जरा उठावदार करून द्याल?"

चित्र वाईट नव्हतं. मागे निळसर करड्या टेकड्यांच्या दोन रांगा, वर जवळजवळ पांढरं आकाश, आणि पुढे एक मोठं निष्पर्ण झाड. फांद्या आडव्या पसरलेल्या, पण मधेमधे तुटक. त्या तुटक्या जागी मळकट डाग, ओल लागल्यावर कागदावर उमटतात तसे.

"आमच्या घरात याला थंडीतलं चित्र म्हणतात," काका सांगत होते. "जेवायच्या टेबलाशी, खिडकीसमोरच्या भिंतीवर असायचं. फांद्यांवरून आम्ही भावंडं आईला चिडवायचो. म्हणायचो, तुला सलग रेघ येत नाही. ती नुसती हसायची."

मूळ चित्राला मी ब्रश लावणार नाही, हे आधीच सांगून टाकलं. काकांचा चेहरा पडला. पण जुन्या जलरंगावर नवा ओला रंग चढवला की खालचा सुटतो, दोन्ही मिसळतात, आणि मग ते चित्र ना त्यांच्या आईचं राहतं ना माझं होतं. रंग चढवून देणारे भेटतात, नाही असं नाही. त्या कामाबद्दल माझं मत चांगलं नाही. मी म्हटलं, हवं तर शेजारी ठेवून नवी प्रत करून देते. फक्त मूळ रंग काय होते ते कळायला हवं, त्यासाठी फ्रेम उघडावी लागेल.

उघडायची घाई मला आणखी एका कारणानं झाली होती. त्या चित्रात थंडी मला कुठे दिसतच नव्हती. टेकड्यांच्या वॉशला करकरीत कडा होत्या. खोडावर कोरड्या ब्रशचा खरबरीत हात होता, कागदाचे दाणे पांढरे सुटलेले. एक रंग दुसऱ्यात कुठेही पाझरला नव्हता. झाडाखालची सावली आखूड आणि धारदार. हे चित्र गारठ्यात, धुक्यात बसून झालेलं नव्हतं. काढणाऱ्या बाईचा वॉश हातातल्या हातात वाळत होता, माझा त्या आठवड्यात वाळत होता तसा.

मागचे खिळे गंजलेले, कागदी टेप हात लावताच तुटणारी. पुठ्ठा निघाला. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची मधे खिडकी कापलेली चौकट, साधं, स्वस्तातल्या पुठ्ठ्याचं. त्यातल्या आम्लानं त्या खिडकीची कापलेली कड तपकिरी पडली होती आणि तशीच तपकिरी रेघ चित्रावरही उमटली होती. वरच्या बाजूला दोन ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवून चित्र माउंटला टांगलं होतं. पातळ पॅलेट नाइफ सरकवून ते सोडवले आणि माउंट वर उचललं.

माउंटखाली चारही बाजूंनी बोटभर रुंदीची पट्टी झाकलेली होती. तिथे रंग जसेच्या तसे होते.

डावीकडे टेकड्या माउंटखाली शिरत होत्या तिथे पट्टी धरून आखावी तशी सरळ सीमा होती. अलीकडे निळा करडा, पलीकडे चक्क जांभळा. वरच्या पट्टीत आकाश पांढरं नव्हतं, पिवळ्याकडून गुलाबीकडे जाणारं होतं. आणि उजवीकडे एका फांदीचं टोक आत गेलं होतं, त्यावर तीन फुलं. जाड, मांसल पाकळ्यांची, लालभडक. रंग ओला असतानाच मध्यभागी आणखी गडद थेंब सोडलेला, तो पाकळीच्या टोकापर्यंत जाता जाता थांबलेला. तिसरं फूल नेमकं सीमेवर होतं. त्याच्या झाकलेल्या अर्ध्या भागात किरमिजी, उघड्या अर्ध्या भागात मळकट डाग. एकाच ब्रशनं, एकाच क्षणी टेकवलेला रंग.

काका वाकून बघत राहिले. मग बोटानं, कागदाला न लावता, उघड्या भागातले डाग एकेक दाखवायला लागले. "म्हणजे हे... हे पण फूल? आणि हे?"

"सगळी फुलंच."

"सावर आहे हो ही!" ते एकदम म्हणाले. "काटेसावर. पानं सगळी झडतात आणि मग फुलते ती."

फांद्या तुटक का, तेही आता उघड झालं. फुलांच्या जागा त्यांच्या आईनं आधीच कोऱ्या राखल्या होत्या आणि फांदी फुलामागून नेली होती. जलरंगात पांढरा कागद आधीच वाचवावा लागतो, कारण तपकिरीवर लाल टाकलं तर दोन्हींचा चिखल होतो. बाईंना रेघ येत होती. उत्तम येत होती.

असं झालं कसं, हे काकांना समजावून सांगण्यात तासभर गेला असेल. जुन्या रंगपेट्यांमधला किरमिजी बहुतेक वेळा लेक प्रकारचा असे. लेक म्हणजे विरघळणारं रंजकद्रव्य पांढऱ्या पुडीवर बसवून केलेला रंग. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून निघणारं अलिझरीन 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिमरीत्या तयार केलं, आणि पुढे त्याचा क्रिमझन, म्हणजे किरमिजी, घरोघरच्या पॅलेटवर आला. दिसायला देखणा, पण उजेडाला कच्चा. जाड थरात तो बरा टिकतो. पातळ वॉशमध्ये लवकर उडतो, आणि जलरंग म्हणजे तर सगळा पातळ वॉशच. निळ्यांपैकी कोबाल्ट आणि अल्ट्रामरीन उजेडाला दाद देत नाहीत. त्यामुळे निळा आणि किरमिजी मिसळून केलेल्या जांभळ्यातून किरमिजी निघून जातो आणि मागे निळा उरतो. खोडाचे तपकिरी रंग लोहयुक्त मातीचे, ते हलत नाहीत. म्हणून झाड राहिलं आणि बहर गेला.

काकांना व्हॅन गॉग माहीत होता, म्हणून त्याच्या शयनगृहाच्या चित्राची गोष्ट सांगितली. 1888 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की भिंती फिकट जांभळ्या आहेत. आज चित्रात त्या निळ्या दिसतात, कारण लाल उडाला. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराचं 1887 मधलं एक जलरंग चित्र आहे, शेतात उभ्या असलेल्या मुलाचं. त्यातलं आकाश कोरं दिसतं. तपासणीत निघालं की तिथे सूर्यास्ताचे लाल आणि नारिंगी रंग होते. काका म्हणाले, "म्हणजे आई मोठ्या लोकांच्या पंगतीत आहे म्हणा की."

खिडकीच्या तावदानाला माझी एक पट्टी कायम चिकटवलेली असते, तीही दाखवली. विकत घेतलेल्या प्रत्येक नव्या ट्यूबचा एक पातळ हात कागदावर मारायचा, अर्धा भाग काळ्या कागदानं झाकायचा आणि सगळे ऋतू त्यावरून जाऊ द्यायचे. माझी खिडकी उत्तरेकडची आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो म्हणून चित्रकार तो पसंत करतात, पण भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिथूनही तिरपं ऊन आत येतं. काळा कागद उचलून दाखवला. पट्टीवरच्या क्रिमझनचा उघडा भाग पुसल्यासारखा झाला होता. शेजारचा क्विनाक्रिडोन, हा नव्या जातीचा कृत्रिम लाल-गुलाबी, दोन्हीकडे सारखाच. ही युक्ती माझी नाही. रसेल आणि ॲब्नी या दोघा इंग्रजांनी 1888 मध्ये जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा मोठा अहवाल दिला, त्यांनीही रंगांच्या पट्ट्या उन्हात ठेवून पाहिल्या होत्या. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: हवा आणि ओल काढून घेतली तर बहुतेक रंग उन्हातही फारसे उडत नाहीत. माझ्यासारखीला हे फार जवळचं वाटतं, कारण माझं अर्धं आयुष्य कागदातल्या ओलीशी भांडण्यात चाललंय.

"पण मग आम्हाला दिसलं कसं नाही?" काकांचा प्रश्न होता. "रोज तिथेच जेवायला बसायचो."

रोज बसायचे म्हणूनच. लाल एका दिवसात जात नाही. खिडकीसमोर असेल तर काही वर्षांत जातो, आणि रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना कालचंच चित्र दिसत राहतं.

प्रतीचं काम त्याच आठवड्यात घेतलं, कारण पावसाची वाट बघून मला त्या कडा मिळाल्या नसत्या. क्रिमझन वापरायचा नाही हे ठरलेलं होतं. 1958 पासून बाजारात असलेले क्विनाक्रिडोन रंग उजेडाला पक्के असतात, पण त्यांचा गुलाबी जरा जास्तच झळाळतो. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मातीचा रंग घातल्यावर तो बाईंच्या किरमिजीच्या जवळ आला. नमुने करून वाळवायचे, त्या बोटभर पट्टीशेजारी धरायचे, तेही दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली लाल रंग हमखास फसवतो. फुलांच्या जागा राखून फांद्या ओढताना तिचा वेग कळला. मला दोनदा थांबून विचार करावा लागे तिथे ती सरळ पुढे गेली होती. टेकडीचा अख्खा वॉश तिनं एका दमात उतरवला होता, ब्रश पुन्हा पाण्यात न घालता. समोरचं ऊन सरकायच्या आत उरकायची घाई त्यात स्पष्ट दिसते.

आकाशाच्या मधल्या भागाचा पुरावा नव्हता. पट्टी फक्त कडांचा रंग सांगते. तिथे मी अंदाज केला, आणि प्रतीच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवलं की कुठला रंग पाहून लावलाय आणि कुठला अंदाजानं. मूळ चित्रासाठी काकांना आम्लरहित माउंट घ्यायला सांगितलं आणि तपकिरी रेघेसाठी कागदाच्या संवर्धकाकडे पाठवलं. ते माझं काम नव्हे. आणि ते आतल्या बोळात लावा म्हटलं. संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड देतात, थेट ऊन एक लाखापर्यंत जातं.

काका प्रत घेऊन गेले ते खुशीत. चार दिवसांनी फोन आला, त्यांच्या बहिणीचा. आवाजात राग नव्हता, पण जीवही रमलेला नव्हता.

"तुम्ही केलंय ते छान आहे हो. दादा तर सगळ्यांना बोलावून दाखवतोय. पण हे आईचं चित्र नाही वाटत मला. आईचं चित्र असं भडक नव्हतंच कधी."

पट्टीचं, अर्ध्या फुलाचं मी सांगून पाहिलं. त्यांनी ते दादाकडून ऐकलं होतं, खरंही मानलं होतं.

"ते सगळं पटलं मला. पण मी शाळेचा डबा खाताना बघायचे ते निळंच होतं. मूळ चित्र दादाकडे राहणार. मला त्या निळ्याची प्रत द्याल करून? आत्ता दिसतं तसंच?"

दादाला यातलं काही सांगू नका, असंही म्हणाल्या. मी हो म्हटलं. काम अजून चालू आहे, आणि लाल चित्रापेक्षा हे जड जातंय. टेकड्या एका कोबाल्टमध्ये होऊन गेल्या. अडलंय ते फांद्यांवरच्या डागांशी: फुलाचा आकार राखायचा, पण बघणाऱ्याला तिथे फूल दिसता कामा नये.