निघोज, रोल ५: पोलरायझर काढला आणि रांजण दिसायला लागले

शेवटी आलं! निघोजला कुकडी नदीच्या पात्रातल्या दगडात रांजणासारखे खोल खळगे पडलेत, ते फिल्मवर घ्यायचा प्रयत्न चालू आहे, त्यातली रोल ५, फ्रेम ७. निगेटिव्ह अजून नीट वाळलीपण नव्हती, बाथरूममध्ये क्लिपला लटकलेली होती तशीच उजेडात धरून बघितली आणि खळग्याच्या आतली भिंत दिसली, म्हणजे खरंच दिसली, गोलाईसकट, कुकडीच्या पाण्यात गोटे गरगर फिरून बेसॉल्टवर ज्या आडव्या रेघा पडल्यात ना त्यांच्यासकट.

मागच्या दोन अपडेटमध्ये सांगितलंच होतं की काठ छान येतो, पण आत सगळं सपाट काळं. तेव्हापासून काय काय केलं. आतली सावली झोन ३ वर (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांतली एक गडद पायरी) ठेवत होतो ती ४ वर नेली, तर काठ जळाला, म्हणजे पांढराफटक झाला. मग डेव्हलपिंग कमी केलं, एफपी४ फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये (१+१, म्हणजे तेवढंच पाणी घालून) ११ मिनिटं द्यायचो ती ९ केली (नळाचं पाणी सध्या ३० डिग्री, बर्फ घालून २० वर आणायचं आणि तिथेच टिकवायचं म्हणजे अर्धा तास त्यातच जातो). काठ सावरला, पण भिंत काळ्याची करडी झाली एवढंच. टोन आला, आकार नाहीच. मीटरवर संशय घेतला, केमिकलवर घेतला, लेन्स साफ केली.

आणि कारण भलतंच निघालं. रोल ४ मध्ये एका फ्रेमला पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) वरच्या लेन्सवरच राहिला होता. याशिका मॅटवाल्यांना माहितीये (दोन लेन्सचा कॅमेरा, वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो येतो), वरून बघून फिरवायचा, खूण लक्षात ठेवायची आणि मग खालच्या लेन्सवर लावायचा, ते लावणं राहिलं. फ्रेम २ स्टॉप ओव्हर, म्हणजे उजेड चौपट, पण आतल्या भिंतीला आकार होता! आधी वाटलं जास्त एक्सपोजरमुळे असेल. म्हणून या वेळी मळगंगेच्या मंदिराजवळचा तोच खळगा, ट्रायपॉड न हलवता, पात्रात ऊन उतरायच्या आधी, एफ २२ ला दोनदा घेतला. पोलरायझर लावून १६ सेकंद, रेसिप्रॉसिटी (लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते, म्हणून वाढवायचा वेळ) धरून ३३. काढून ४ सेकंद, म्हणजे जवळपास ६. दोन्ही बरोबर एक्सपोज झालेल्या. पहिलीत भिंत मेलेली, दुसरीत जिवंत.

आतला दगड घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की तो काळ्या आरशासारखं वागतो. स्वतःचा उजेड जवळजवळ काहीच देत नाही, डोक्यावरचं आकाश तेवढं परत फेकतो, आणि भिंत जिथे वळते तिथे ती चमक कमीजास्त होते, गोलाई कळते ती त्यावरूनच. ओल्या दगडाची चमक मारायला पोलरायझर लावा हे आपण सगळेच एकमेकांना सांगत आलोय, मीही सांगितलंय. निघोजसाठी तो सल्ला मी मागे घेतो. धबधब्याजवळच्या शेवाळलेल्या दगडावर ठीक आहे, तिथे शेवाळाचा पोत चमकेखाली दडलेला असतो. इथे चमकेखाली काहीच नाही.

थांबा, हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय. ती चमक आकाशाची आहे म्हणजे निळी आहे, आणि ऑरेंज फिल्टर मी पहिल्या रोलपासून खालच्या लेन्सवर ठेवलाय! ढग उठावेत म्हणून लावला होता, पण यातल्या एकाही फ्रेममध्ये आकाश नाहीच. म्हणजे पोलरायझर काढूनसुद्धा अर्धी चमक मी ऑरेंजने खातोय. रविवारी मुंबईच्या जिल्बर्ट हिलला जायचं ठरलं होतं, ते रद्द, तिथले बेसॉल्टचे खांब कोरडे आणि खरबरीत आहेत, त्यांना तिरकं ऊन लागतं, ते थंडीत बघू. रविवारी परत निघोज, ऑरेंज घरी. जुना ८०ए फिल्टर आहे, तो बे १ चाच (याशिकाच्या लेन्सला बसणारं माप) आहे, निळाच आहे, तो लावून तीन आणि काहीच न लावता तीन.

बे १ वरून आठवलं, ऑनलाइन मागवताना मापाचा फोटो मागून घ्या. एका दुकानाने मला दोनदा बे २ पाठवला आणि परत घेताना कुरिअरचे पैसे कापले.

आणखी एक करून बघायचंय, भिंतीचा अर्धा भाग तांब्याने ओला करून, अर्धा कोरडा ठेवून एकच फ्रेम. पाऊस लागला की पात्रात उतरता येणार नाही, त्यामुळे हातात दोन-तीनच रविवार आहेत. फ्रेम ७ चा ८×१० प्रिंट उद्या रात्री काढतो, रेघा कागदावर टिकल्या तर टाकतोच.